मीराबेन आणि सेवाग्रामच्या मातीच्या भिंती

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही बाजूंची जुनी घरं सारखीच: मातीच्या किंवा कुडाच्या भिंती, शेणाचं सारवण, वर कवेलू. सेवाग्रामची बापूकुटीही याच जातीची. ती उभी केली एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. बीथोव्हेनच्या संगीताच्या ओढीने त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि त्यांच्याकडून त्यांना गांधीजींविषयी कळलं. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. गांधीजींनी त्यांचं नाव मीरा ठेवलं.

१९३० च्या दशकात गांधीजी वर्ध्याला आले. मीराबेननी आधी जवळच्या सिंदी गावात सफाईचं काम केलं, मग त्या शेगावला राहायला गेल्या. १९३६ मध्ये गांधीजीही तिथेच आले. १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. घरं कमी खर्चात आणि जवळपास मिळणाऱ्या सामानातून बांधायची, ही गांधीजींची अट होती. मीराबेननी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू वापरले. आज बापूकुटी म्हणून ओळखलं जाणारं घर त्यांनी मुळात स्वतःसाठी आणि सूतकताईच्या कामासाठी बांधलं होतं. भिंतींवर त्यांनी मातीनेच ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढला.

भिंत हवेशी काय करते?

मीराबेनचा हेतू साधेपणाचा होता, हवेच्या अभ्यासाचा नव्हता. पण त्यांनी निवडलेल्या सामानाचा घरातल्या हवेशी जवळचा संबंध आहे.

मातीतले चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि चपटे असतात. त्यामुळे थोड्या मातीतही हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग प्रचंड असतो. पावसाळ्यात अशी भिंत हवेतली वाफ शोषते, हवा कोरडी झाली की ती परत सोडते. ओझोनसारखा वायू तिच्यावर आदळून बराचसा नष्ट होतो.

शोषलेली प्रत्येक गोष्ट मात्र नष्ट होत नाही. धूर, रंगाचा वास, तंबाखूतलं निकोटिन हे भिंतीत, गादीत, पडद्यात मुरतात. खोलीतली हवा स्वच्छ झाली किंवा तापली की ते हळूहळू बाहेर येतात. म्हणूनच बिडी विझल्यावरही खोलीला वास राहतो.

प्लायवूड आणि लाकडी भुशाच्या फळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा वायू सुटतो, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्त सुटतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद खोलीतल्या नव्या कपाटाचा वास डोळ्यांना झोंबतो तो यामुळे.

मातीही पूर्ण निर्दोष नाही. तिच्यातून रेडॉन आणि थोरॉन हे किरणोत्सारी वायू अल्प प्रमाणात निघतात. कवेलूंच्या फटींतून वारा खेळत राहिला, तर ते साचत नाहीत. मातीचं घर खिडक्या बंद करून हवाबंद केलं, तर हा फायदा जातो.

पुढचं आयुष्य

१९४२ मध्ये मीराबेनना गांधीजींसोबत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवलं गेलं. सुटकेनंतर त्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी शेती आणि गोपालनाचं काम केलं. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. १९८१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात त्यांचं निधन झालं.

गावोगावी मातीची घरं पाडून सिमेंटची बांधली जात आहेत. पक्कं घर पावसात टिकतं, साप-विंचवांपासून वाचवतं, त्यामुळे ते हवंच असतं. पण त्यात कवेलूंच्या फटी नसतात. तिथे समोरासमोर खिडक्या ठेवणं, चुलीचा धूर बाहेर काढणं आणि नवं फर्निचर व रंग यांचा वास जाईपर्यंत खोली उघडी ठेवणं, ही कामं घरातल्या माणसांनाच करावी लागतात.