पावाची उधारी आणि मोत्याचा डूल

आमच्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकात तिचे चित्र मी प्रथम पाहिले. डोक्याला निळे-पिवळे फडके गुंडाळलेली, कानात मोत्याचा डूल घातलेली एक मुलगी मान वळवून आपल्याकडे पाहते आहे. ओठ किंचित विलग. कोणीतरी तिला हाक मारली असावी. पण कोणत्या नावाने, हे साडेतीनशे वर्षांत कोणालाही सांगता आलेले नाही.

चित्रकार योहानेस व्हर्मीर हा हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा. जन्म १६३२ चा. वडील रेशमी कापड विणीत, खानावळ चालवीत आणि चित्रांचा व्यापारही करीत. १६५३ मध्ये त्याने कॅथरिना बोल्नेस हिच्याशी लग्न केले. सासू मारिया थिन्स चांगली सधन. पुढे हे जोडपे तिच्याच घरी राहावयास गेले. त्या वर्षाच्या अखेरीस तो गावच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला, पण प्रवेशाची सहा गिल्डर फी त्याला एकदम भरता आली नाही. ती पुरी फिटण्यास १६५६ उजाडले. (फीचे हप्ते पाडून मागणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना हा माणूस येथेच आपला वाटू लागतो.)

तो फार सावकाश काम करी. आज त्याची म्हणून जेमतेम पस्तीस-सदतीस चित्रे मानली जातात. निळ्या रंगासाठी मात्र तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाची महागडी पूड वापरी. आपल्या मुलीच्या फडक्यातील निळा तोच. घरात मुले झाली पंधरा, त्यांतली जगली अकरा. १६६३ मध्ये एक फ्रेंच प्रवासी त्याची चित्रे पाहण्यास मुद्दाम आला, तर घरी दाखवावयास एकही नव्हते. त्याला एका पाववाल्याकडे जाऊन पाहावे लागले!

१६७२ साली फ्रेंच सैन्य हॉलंडवर चालून आले आणि चित्रांचा बाजार बसला. स्वतःची चित्रे विकेनात, व्यापारासाठी घेतलेलीही पडून राहिली. डिसेंबर १६७५ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. धडधाकट माणूस या काळजीने खचून दीड दिवसात संपला, असे त्याच्या बायकोने पुढे सांगितले. पाववाल्याचे देणे ६१७ गिल्डरवर गेले होते. त्यापोटी तिने दोन चित्रे त्याच्या हवाली केली. हप्त्याने पैसे फेडले तर चित्रे परत, असा करार झाला.

माझ्या आजोबांचे नाव लिहिलेले असे मी एकाच ठिकाणी पाहिले आहे, वाण्याच्या उधारीच्या वहीत. व्हर्मीरविषयी आपल्याला जे कळते तेही बहुतेक अशाच कागदांवरून. पावाचा हिशेब कोणीतरी नीट लिहून ठेवला. मुलीचे नाव लिहिण्याचे कारणच कोणाला पडले नाही.

याचे एक कारण असे, की हे चित्र कोणी पैसे देऊन काढून घेतलेले नाही. वेगळा पेहराव आणि चेहऱ्यावरचा भाव रंगविण्यासाठी तिकडचे चित्रकार अशी चित्रे काढीत; त्यांना ट्रोनी म्हणत. समोर बसणारा कोण, हे गिऱ्हाईक विचारीत नसे. चित्र १६६५ च्या सुमाराचे. कोणी म्हणतात ती व्हर्मीरची थोरली मुलगी मारिया, पण ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची. कोणी त्याच्या आश्रयदात्याच्या मुलीचे, मॅग्डालेनाचे, नाव घेतात. ती मारियाहूनही लहान. १९९९ च्या एका इंग्रजी कादंबरीने तिला घरची मोलकरीण केले आणि जगाला तेच खरे वाटू लागले. मला मारिया पटते, पण माझ्याजवळ पुरावा नाही.

१८८१ मध्ये हेग शहरातील एका लिलावात हे चित्र, मळलेले व दुर्लक्षित, अवघ्या दोन गिल्डरला गेले. घेणाऱ्याने मृत्युपत्राने ते तेथील मॉरिट्सहाउस संग्रहालयास दिले. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी यंत्रांनी ते कसून तपासले. मागचा काळोख पूर्वी हिरव्या पडद्याचा होता, हे त्यांना दिसले. डुलाला कानात अडकविणारी कडीच नाही. मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोन-चार फटकारे. आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पापण्याही त्याने तिला काढल्या होत्या.