जेम्स चुमा

डॉ. लिव्हिंग्स्टन यांचें नांव ऐकलें नाहीं असा विद्यार्थी क्वचितच सांपडेल. परंतु त्यांचें शव ज्यांनीं आफ्रिकेच्या अरण्यांतून समुद्रापर्यंत वाहून आणिलें, त्यांचीं नांवें फार थोड्यांस ठाऊक असतात. त्यांपैकीं जेम्स चुमा हा मुंबईच्या शाळेंत शिकलेला होता. म्हणून त्याचें चरित्र आपणांस विशेष जवळचें आहे.

चुमाचा जन्म इ. स. १८५० च्या सुमारास न्यासा सरोवराच्या प्रदेशांत याओ लोकांत झाला. बालपणींच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडला. १८६१ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन व बिशप मॅकेन्झी यांनीं शिरे नदीजवळच्या डोंगराळ मुलुखांत गुलामांचे तांडे अडवून अनेकांस बंधमुक्त केलें. त्यांत हा मुलगा होता. १८६४ सालीं लिव्हिंग्स्टन आपल्या लहानशा आगबोटींतून मुंबईस आले, तेव्हां त्यांनीं चुमा व त्याचा सोबती विकाटनी यांस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविलें. पुढील वर्षीं डॉ. विल्सन यांनीं चुमास बाप्तिस्मा दिला आणि तो जेम्स चुमा झाला.

हा मुलगा येथें एकटाच नव्हता. इंग्रजी आरमारानें गुलामांचीं गलबतें पकडून सोडविलेल्या मुलांपैकीं कित्येकांस नाशिकजवळील शरणपूर येथें ठेवीत. आपली कयाधू पैनगंगेंतून पुढें ज्या गोदावरीस मिळते, त्याच गोदावरीच्या कांठच्या नाशकांत हीं आफ्रिकन मुलें लिहिणें-वाचणें, सुतारकाम व लोहारकाम शिकलीं. १८६६ सालीं लिव्हिंग्स्टन पुन्हां आफ्रिकेस निघाले, तेव्हां चुमाबरोबर शरणपूरचे नऊ तरुणही होते.

प्रवास अतिशय खडतर ठरला. विकाटनीस वाटेंत आप्त भेटल्यामुळें तो मागें राहिला. इतर कित्येक पळून गेले. १८६८ सालीं चुमानेंही एकदां पुढें येण्याचें नाकारिलें. परंतु तो परतला आणि मग शेवटपर्यंत राहिला.

१ मे १८७३ रोजीं चितांबो गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावले. आतां या लोकांस आज्ञा करणारा कोणीच उरला नव्हता. तेथेंच शव पुरून ते आपापल्या वाटेनें गेले असते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु चुमा, सूसी व त्यांच्या सोबत्यांनीं निराळा निश्चय केला. त्यांनीं हृदय एका झाडाखालीं पुरिलें. शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट यानें प्रार्थना वाचून झाडावर नांव कोरिलें. नंतर मीठ लावून व उन्हांत वाळवून शव कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळिलें आणि सुमारें १५०० मैलांची वाट धरिली. मार्गांत भेटलेल्या कॅमेरून नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें शव तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनीं मानिला नाहीं. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयो येथें समुद्रकिनाऱ्यास पोंचले. शवाबरोबर मृताच्या रोजनिशा व उपकरणेंही त्यांनीं जपून आणिलीं.

१८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें अंत्यविधि झाला, तेव्हां जेकब वेनराइट तेथें होता. चुमा व सूसी मात्र मागाहून इंग्लंडास गेले. त्यांनीं आपल्या आठवणी सांगून रोजनिशीच्या संपादनास साहाय्य केलें. पुढें चुमा मिशनऱ्यांच्या व संशोधकांच्या तांड्यांचा नायक झाला. १८७९ सालीं कीथ जॉन्स्टन हा नेता वाटेंतच वारला, तेव्हां अवघ्या एकवीस वर्षांच्या जोसेफ थॉमसन यास चुमाच्याच अनुभवाचा मोठा आधार मिळाला. १८८२ सालीं झांजिबार येथें क्षयानें चुमाचा अंत झाला.

ज्या मुलाची बाजारांत किंमत ठरविली जात होती, त्यानेंच पुढें शेंकडों माणसांस वाट दाखविली. इतिहासांत अशांचा उल्लेख बहुधा नुसता नोकर म्हणून येतो. तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, मोठ्या प्रवाशांचीं चरित्रें वाचतांना त्यांचें ओझें कोणीं वाहिलें, हेंही विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी.