दुष्काळ, डोंगर आणि इंद्रायणी

फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजेच तुकाराम बीज. या पुण्यदिनी देहूस इंद्रायणीच्या तीरी वैष्णवांचा मेळा भरतो आणि श्रीतुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाचे स्मरण घरोघरी होते. आज आम्ही भाविक वाचकांचे लक्ष महाराजांच्या ऐन तारुण्यातील एका पर्वाकडे वेधू इच्छितो. दैवी आपत्तीने पोळलेल्या जीवांसाठी ध्यान करावयाचे ते कसे, याचा बोध त्यात आहे.

महाराजांचा जन्म परंपरेप्रमाणे इ. स. १६०८ मधील. घराणे देहूच्या महाजनांचे. व्यापार व सावकारी होती, आणि पूर्वज विश्वंभरबुवांपासून पंढरीची वारीही होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे. त्यामुळे संसाराचा भार कोवळ्या वयातच तुकोबांच्या खांद्यावर आला. वडील बोल्होबा व माता कनकाई यांचे छत्रही लवकरच हरपले.

अशातच इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात या प्रांतांवर भीषण अवर्षण कोसळले. त्यातच मोगल फौजांच्या स्वाऱ्या चालू होत्या. धान्य दिसेनासे झाले, गुरे तडफडून मेली, गावेच्या गावे ओस पडली. प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. पाठोपाठ पुत्र संतोबाही गेला. व्यापार बुडाला, पत गेली.

या दुःखाच्या भरात महाराज देहूजवळील भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस त्यांनी तेथे एकांतात ध्यान केले, असे परंपरा सांगते. पंढरीच्या सावळ्या, समचरण मूर्तीवर त्यांचे चित्त जडले आणि त्यांस विठ्ठलाचा साक्षात्कार झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. परंतु हा संसारातून काढलेला पळ होता काय? पुढील घटना पाहता आम्हांस तसे वाटत नाही.

धाकटे बंधू कान्होबा त्यांस शोधीत डोंगरावर आले. दोघे इंद्रायणीकाठी उतरले. वाडवडिलांपासून चालत आलेली कर्जखते महाराजांनी मागविली. निम्मी कान्होबांच्या वाट्यास दिली आणि आपल्या वाट्याची सर्व नदीत सोडून दिली. दुष्काळाने नागवलेल्या किती कुळांच्या मानेवरील जू त्या क्षणी उतरले असेल! ज्याचे स्वतःचे घर उद्ध्वस्त झाले होते, त्यानेच इतरांची घरे सावरली. ध्यानाचा पहिला प्रसाद ऋणकऱ्यांच्या पदरी पडला.

त्यानंतर महाराजांनी विठ्ठलाच्या मोडकळीस आलेल्या मंदिराचा स्वतः खपून जीर्णोद्धार केला. एकादशीस कीर्तने सुरू झाली. गाव पुन्हा एकत्र बसू लागला. भंडाऱ्याच्या डोंगरावरील चिंतन चालूच राहिले; पण डोंगरावरून खाली येणारी वाट त्यांनी कधी बंद केली नाही. ती वाट शके १५७१, म्हणजे इ. स. १६५० च्या बीजेपर्यंत चालू होती.

आपत्ती आजही येतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो जीव ढिगाऱ्यांखाली गेले. अशा वेळी देवघरात समई लावून, डोळे मिटून, पीडितांचे मुख मनःचक्षूंसमोर आणावे आणि त्यांच्या क्षेमासाठी भगवंताला आळवावे, ही आपली रीतच आहे. ती रीत सोडू नये. त्या ध्यानाने आपले चित्त शांत होते, करुणा जागी होते. मात्र भुकेल्यास अन्न आणि उघड्यास वस्त्र आपल्या हातूनच पोहोचावे लागते.

म्हणून आज बीजेच्या पूजेनंतर घटकाभर ध्यानास बसावे आणि उठताना एक विचार करावा: आपल्यापाशी असे कोणते खत आहे, जे इंद्रायणीत सोडले असता कोणा दुःखिताचा भार हलका होईल? ते सोडण्याचे बळ श्रीतुकोबाराय आपणां सर्वांस देवोत, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.