समाजाचा पैसा, समाजाला हिशोब

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या समाजातील अनेक तरुण ठेकेदाराच्या हाताखाली राबत आहेत. पदवी आहे, आयटीआय आहे, पण कायम नोकरी नाही. त्यांतील काही जण आता वेगळा विचार करू लागले आहेत. अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवायचे आणि स्वतःचा धंदा उभा करायचा. याला क्राउडफंडिंग म्हणतात. नाव नवे आहे, रीत नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब गावोगावच्या वेगवेगळ्या दात्यांनी दिले आणि त्यांतील एका खांबावर आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याच्या धम्मोपदेशकाचे नाव कोरलेले आहे. आधुनिक काळात ही रीत चळवळीत रुजवली ती बाबासाहेबांनी. त्यांचे आयुष्य या बाजूने फारसे कोणी वाचत नाही. म्हणून आम्ही ते येथे मांडत आहोत.

१९१७ साली बाबासाहेब अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून आले. बडोद्याच्या नोकरीत जातीने त्यांना राहायला छप्परही मिळू दिले नाही. मुंबईला परत येऊन त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देणारी पेढी काढली. अर्थशास्त्राचा एवढा जाणकार दुसरा कोण होता? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. भारतात ज्ञान असून धंदा होत नाही, कारण धंद्यालाही जात असते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. दुसरा कोणी असता तर तेथेच स्थिरावला असता. बाबासाहेबांना मात्र पोटापुरते काम नको होते, जीव ओतावा असे काम हवे होते.

३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे होते. पैसे मोजून जाहिरात देऊ केली तरी केसरीने ती छापली नाही. महाराजांचे उपकार समाज कधीही विसरणार नाही. पण बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, १९२२ मध्ये महाराज गेले आणि १९२३ मध्ये मूकनायक थांबले. दाता कितीही मोठ्या मनाचा असो, एका माणसाच्या आधारावर संस्था टिकत नाही.

लंडनच्या शिक्षणासाठी नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले होते. बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीची सनद घेण्यासाठीही तोच मित्र धावून आला. १९२३ मध्ये हायकोर्टात वकिली सुरू झाली. तेथेही जात आड आलीच. म्हणून १९२५ ते १९२८ बाबासाहेबांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवले. महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी बहिष्कृत भारत निघाले, ते याच धावपळीत. रकानेच्या रकाने स्वतः लिहायचे आणि मोबदला एक पैसाही घ्यायचा नाही! या वेळी बाबासाहेबांनी थेट समाजापुढे हात पुढे केला. तो भीक मागणारा हात नव्हता. १९२८ च्या सुरुवातीला त्यांनी वाचकांपुढे जमाखर्चाची कैफियतच मांडली आणि पत्राचे ऋण समाजाने फेडायचे आहे, असे बजावले. मागण्याची ही पद्धत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. देणारा उपकार करत नाही आणि घेणारा मिंधा होत नाही.

तरीही पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत आणि १५ नोव्हेंबर १९२९ ला बहिष्कृत भारत थांबले. बाबासाहेब खचले नाहीत. २४ नोव्हेंबर १९३० ला जनता सुरू झाले, १९५६ मध्ये त्याचे प्रबुद्ध भारत झाले. चळवळीचा स्वतःचा छापखाना झाला, तोच पुढे बुद्ध भूषण. १९४४ मध्ये पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. व्यक्तीकडे आलेला पैसा आणि संस्थेचा पैसा वेगळा राहावा, ही कायदेपंडिताची दृष्टी त्यामागे होती.

आज बोईसरच्या तरुणांनी यातून काय घ्यावे? वकील म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. खाजगी कंपनीला आम जनतेला शेअर विकता येत नाहीत. शेअर ठरावीक व्यक्तींनाच देता येतात आणि त्यांची संख्या वर्षाला साधारण २०० च्या पुढे जाता कामा नये. जादा व्याजाचे आमिष दाखवून परवानगीशिवाय ठेवी घेणे हा २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पैसा देणगी आहे, कर्ज आहे की मालाची आगाऊ रक्कम, हे आधी कागदावर ठरवा. सहकारी संस्था किंवा फर्म नोंदवा, बँकेत वेगळे खाते उघडा, प्रत्येकाला पावती द्या. दर सहा महिन्यांनी विहारात जमाखर्च वाचून दाखवा. तोटा झाला असेल तर तोही वाचा.

आणि समाजबांधवांनो, जयंतीला वर्गणी देणारे हात येथे आखडू नयेत. आपल्या मुलाच्या वर्कशॉपला नुसते पैसे देऊ नका, पहिली ऑर्डरही द्या. बाबासाहेबांची पेढी गिऱ्हाईक न मिळाल्याने बंद पडली होती. आज त्यांच्या लेकरांचे गिऱ्हाईक व्हायला समाज उभा आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जयभीम!