आगपेटी विकणारा मुलगा आणि माथेरानची गाडी

नेरळ स्टेशनात उतरून माथेरानच्या छोट्या गाडीत बसणारे प्रवासी इंजिनाकडे पाहतात, डोंगराकडे पाहतात. ही गाडी ज्यांच्या पैशावर डोंगर चढली त्या सर आदमजी पीरभॉय यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्रज सरकारने बांधलेली गाडी, असेच आपण धरून चालतो.

आदमजींचा जन्म १८४५-४६ च्या सुमारास काठियावाडातील धोराजी येथे एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. पोटासाठी ते मुंबईस आले आणि ज्या वयात आपण आठवी-नववीच्या बाकावर बसतो त्या वयात रस्त्यावर आगपेट्या विकू लागले. पुढे लष्कराला तंबू व इतर सामान पुरविण्याची कंत्राटे त्यांना मिळाली आणि त्यांचे नशीब फिरले. नशीब फिरले, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण आगपेटीच्या धंद्यात ज्याला पै-पैचा हिशेब ठेवावा लागला, त्यालाच लष्कराचा हिशेब सांभाळता आला असेल असे मला वाटते. कापडाच्या गिरण्या झाल्या, धारावीत चामडे कमावण्याचा मोठा कारखाना झाला. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. चर्नी रोड स्टेशनाजवळचे सॅनिटोरियम आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

माथेरान हे ठिकाण १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी साहेबलोकांच्या नजरेस आणले. ठाकर, धनगर, कातकरी तिथे आधीपासून होतेच, हे सांगायला नको. नेरळपर्यंत आगगाडी आली तरी पुढचा डोंगर पायी, घोड्यावर किंवा पालखीतून चढावा लागे. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचे माथेरानला वारंवार जाणे होई. डोंगरावर गाडी न्यायचीच, हे त्यांनी मनावर घेतले. पैसा वडिलांनी पुरविला, तोही सोळा लाख रुपये! त्या काळचे सोळा लाख.

१९०४ साली काम सुरू झाले. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे मार्गदर्शन होते. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. चढ कुठे कुठे असा, की वीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर आलेली असे. मार्ग जेमतेम वीस-एकवीस किलोमीटरचा, पण वळणे इतकी आवळ की साधे इंजिन रुळावरून घसरलेच असते. म्हणून जर्मनीहून खास इंजिने आणली. त्यांच्या पुढच्या व मागच्या आसांची चाके वळणाबरोबर थोडी वळत. घोड्याच्या नालासारखे भराव घालून गाडी डोंगराच्या अंगाने फिरवत वर नेली. संपूर्ण मार्गात बोगदा एकच. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. खडक फोडणाऱ्या मजुरांची नावे मात्र इतिहासाने लिहून ठेवली नाहीत.

ही साहेबांच्या आणि शेटजींच्या हौसेची गाडी, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच खोटा नाही. पण आमच्या माहुलचे उदाहरण पाहा. इथेही रूळ आले आहेत. ते तेलशुद्धीकरण कारखान्यांत जातात. त्यांवरून तेलाच्या टाक्या धावतात, माणसाला मात्र त्यांत जागा नाही. माथेरानची गाडी पहिल्यापासून माणसांसाठी होती. वर मोटारींना बंदी असल्यामुळे पुढे सामान्य माणसालाही तिचाच आधार झाला.

१९०७ हे वर्ष आदमजींच्या आयुष्यात भरगच्च गेले. गाडी सुरू झाली, ‘सर’ हा किताब मिळाला आणि डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९१३ साली, ते वारले.

गाडी पुढे सरकारच्या ताब्यात गेली. आज ती मध्य रेल्वेची आहे. २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच गत झाली. पीरभॉय बापलेकांनी तीन वर्षांत नवी गाडी डोंगरावर नेली होती. या खेपेस दुरुस्तीलाच तीन वर्षे लागली आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी ती नेरळहून पुन्हा सुटली.