रविवार मिळवून देणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या मंदिरात गणपती बसतो तो पंचांगातल्या तिथीला, पण आपला मराठी कार्यक्रम, मोदक, लेझीम आणि महाआरती मात्र येते ती जवळच्या रविवारी. इथे अमेरिकेत हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याबद्दल कोणी काही बोलतही नाही. गेल्या वर्षी प्रसादाच्या रांगेत एका चुणचुणीत मुलाने मला विचारले की भारतात रविवारची सुट्टी कोणी सुरू केली? मी घाईत सांगून टाकले, इंग्रजांनी. घरी आल्यावर हे उत्तर मनाला टोचत राहिले, कारण ते अर्धेच खरे होते. साहेबाची कचेरी रविवारी बंद असे हे खरे, पण मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला तो रविवार साहेबाने दिला नाही. तो मागून, भांडून, सह्या आणि अंगठे गोळा करून घ्यावा लागला. आणि त्या कामात पुढे होते आपले एक मराठी गृहस्थ, नारायण मेघाजी लोखंडे. त्या मुलाचे उरलेले अर्धे उत्तर म्हणून हा लेख.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. परिस्थिती बेताचीच. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि पुढे नोकरी धरावी लागली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि त्यानंतर मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. ही शेवटची नोकरी महत्त्वाची. स्टोअरकीपर हा ना मालकातला, ना मजुरातला. पण गिरणीत कोण केव्हा येतो, कोणाच्या पगारातून किती कापले जाते, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते.

काय दिसले असेल त्यांना? मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला उभी केली आणि पाहता पाहता परळ-लालबागपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर इथली माणसे शेत सोडून आली. तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे कामाचा दिवस सूर्यावर चाले. उजाडले की भोंगा आणि अंधारले की सुट्टी. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तसे कामही मोठे, तेरा-चौदा तासांपर्यंत. मध्ये भाकरीला जेमतेम अर्धा तास. पगार महिना उलटून गेल्यावरही किती दिवस अडवून ठेवायचा याला धरबंध नव्हता. दंड वेगळा. साळखात्यात कापड बिघडले तर ते विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत मजुरीतून वळती करायची. जिथे रविवारी गिरणी बंद म्हणत, तिथेही यंत्रे साफ करायला अर्धा दिवस यावेच लागे. कामावर ठेवणे आणि काढणे जॉबरच्या हातात, म्हणून त्याचीही मर्जी राखायची.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला, त्या विचाराकडे लोखंडे ओढले गेले. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ नावाचे पत्र काढले होते. पैशाअभावी ते डबघाईला आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि स्वतः संपादक झाले. गिरणीतल्या पाळण्यात जाणारा हात, भर उन्हाळ्यातले तास, अडलेला पगार ही त्या पत्राची बातमी झाली. मोठमोठी वर्तमानपत्रे ज्या विषयाला हात लावायला तयार नव्हती, तो विषय या लहानशा पत्राने धरून ठेवला. (याच ‘दीनबंधु’चे संपादन पुढे तानुबाई बिर्जे यांनी केले, हेही आपल्या मुलींना सांगण्यासारखे आहे.)

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यामागे दया किती आणि व्यापार किती, हा प्रश्न आहेच. मुंबईचे स्वस्त सूत लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या डोळ्यात सलत होते, त्यामुळे इथले तास कमी व्हावेत अशी ओरड विलायतेतूनच जास्त होई. इथले मालक, आणि पुष्कळ देशभक्त मंडळीसुद्धा, म्हणत की हा कायदा म्हणजे देशी धंदा बुडवण्याचा डाव. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पण या भांडणात मजुराला कोणी विचारलेच नाही. कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मज्जाव केला आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांना, बायकांनाही, त्यात काहीच नव्हते.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले, तेव्हा लोखंडे यांनी ही उणीव भरून काढली. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन नावाने त्यांनी कामगारांना एकत्र केले. त्या सप्टेंबरात परळला सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या वाचल्या की माणूस थक्क होतो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. यांतली भरपाईची गोष्ट कायद्यात यायला १९२३ साल उजाडले आणि पगार वेळेवर देण्याची १९३६. म्हणजे अनुक्रमे एकोणचाळीस आणि बावन्न वर्षे.

पगाराच्या मागणीपाशी मी थोडा थांबतो. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळातला एक मुलगा मंदिरात येऊन गप्प बसे. नंतर कळले की त्याला ज्या कंपनीने व्हिसावर आणले, तिने काम नाही असे सांगून तीन महिने ‘बेंच’वर बसवले होते आणि पगार दिला नव्हता. त्याला वाटे, काम नाही तर पगार कसा मागायचा? एच-वन-बी वर आणलेल्या माणसाला कंपनीकडे काम नसले तरी ठरलेला पगार द्यावाच लागतो आणि तसा तो न दिल्यास श्रम खात्याकडे तक्रार करता येते, हे त्याला मंडळातल्याच एका काकांनी सांगितले. शिकलेला मुलगा, पण आपला हक्क काय ते ठाऊक नव्हते. मग १८८४ सालच्या निरक्षर मजुराची काय कथा!

लोखंडे नेमके हेच काका होते. त्यांच्या असोसिएशनकडे ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना नियमावली. सरकारी अहवालातच तशी नोंद आहे आणि काही इतिहासकार म्हणूनच तिला खरीखुरी युनियन मानत नाहीत. मला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दारात आलेल्या कोणत्याही कामगाराला हा माणूस फुकट सल्ला देई, अर्ज लिहून देई, त्याच्या वतीने बोले. युनियनचा कायदा देशात आला १९२६ मध्ये. त्याच्या चाळीस वर्षे आधी यापेक्षा वेगळे काय करता आले असते?

रविवारच का? मालकांचे म्हणणे असे की हिंदू मजुराला सणावाराच्या सुट्ट्या असतातच, त्याला साहेबाचा रविवार कशाला? पण रविवार हा आपल्या जेजुरीच्या खंडोबाचाही वार. घाटावरून आलेल्या किती घरांचे ते कुलदैवत! आणि सण काही दर आठवड्याला येत नाहीत, थकवा मात्र रोज येतो.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली. सुमारे दहा हजार माणसे जमली आणि दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. त्या काळात, हजारोंच्या पुढे, गिरणीत राबणाऱ्या बायका! त्यांची नावे मात्र आपल्या स्मरणात राहिली नाहीत, याची खंत वाटते. सभेतून मालकांच्या संघाकडे अर्ज गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले, त्यात मुंबईपुरते लोखंडेही बसले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचे किमान वय नऊ झाले. पुरुषांचे तास मात्र १९११ पर्यंत मोकळेच राहिले.

१८९० सालीच त्यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र केले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. संप हे हत्यार पगारासाठीच वापरतात असे नाही, हे यातून दिसते. त्याच वर्षाच्या २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर कामगारवस्तीत सलोखा व्हावा म्हणून लोखंडे झटले. सरकारने त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ द पीसही केले. त्यांची कामगारांशी असलेली जवळीक त्यामुळे तुटली नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, तोही प्रथम मांडवीत, जिथल्या गिरणीत त्यांनी नोकरी केली होती. ज्याला जमेल तो गावाकडे पळत होता. लोखंडे यांनी रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल उभे करण्याची धडपड केली आणि वस्त्यांतून हिंडत राहिले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतच. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

भारतीय टपाल खात्याने २००५ साली लोखंडे यांचे तिकीट काढले. तरुणपणी त्यांनी ज्या खात्यात नोकरी केली, तेच हे खाते. माझ्याकडे ते तिकीट आहे. यंदा प्रसादाच्या रांगेत तो मुलगा भेटला तर त्याला देणार आहे.