गोठवलेल्या भ्रूणाचे आद्य प्रयोगकर्ते डॉ. सुभाष मुखोपाध्याय

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा परिसरातील वंध्यत्व उपचार केंद्रांत भ्रूणाची जनुकीय तपासणी केली जाते. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी लेसर किरणांच्या साहाय्याने भ्रूणाच्या बाह्य थरातील मोजक्या पेशी काढण्यात येतात. अहवाल येईपर्यंत भ्रूण सामान्यतः गोठवून ठेवतात व नंतरच्या ऋतुचक्रात गर्भाशयात सोडतात. भ्रूण गोठवण्याचा हा मार्ग भारतात प्रथम अवलंबणारे कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या वाट्याला मात्र हयातीत उपेक्षाच आली.

१६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे त्यांचा जन्म झाला. कोलकात्यातील वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांनी तेथे व पुढे १९६७ मध्ये एडिंबरा येथे डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य आणि जादवपूर विद्यापीठाचे प्रा. सुनीत मुखर्जी यांच्या सहकार्याने त्यांनी संप्रेरके देऊन बीजांडे मिळवली, शरीराबाहेर फलन घडवले आणि भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला. त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा ही भारतातील पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली. जगातील पहिली टेस्टट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिचा इंग्लंडमधील जन्म त्याच वर्षी २५ जुलैचा.

पश्चिम बंगाल सरकारच्या चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. जपानमधील परिषदेस जाण्याची परवानगीही त्यांना नाकारण्यात आली. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. संशोधनाची वाट बंद झालेल्या या वैज्ञानिकाने १९ जून १९८१ रोजी, वयाच्या ५०व्या वर्षी, आत्महत्या केली.

गोठवलेल्या भ्रूणापासून ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये बालक जन्मले, तेव्हा जगाने ती पद्धत स्वीकारली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली हर्षा दीर्घकाळ देशातील पहिली टेस्टट्यूब बेबी मानली जात होती. त्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह सहभागी असलेले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची टिपणे तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच असल्याचे जाहीरपणे मांडले. पुढे दिल्लीस्थित भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही त्यांच्या कार्याची दखल घेतली.

आनुवंशिक आजाराच्या भीतीने तपासणी करून घेणाऱ्या दांपत्यांना आज अहवालाची वाट पाहण्याची उसंत मिळते. ती देणाऱ्या पद्धतीचा एक आरंभ कोलकात्यातील त्या नाकारलेल्या प्रयोगात आहे.